गरजूचं माप

वडिलांच्या वर्षश्राद्धानिमित्त एक व्हीलचेअर द्यावी असं मनात आलं, तेव्हा मी पहिली चौकशी केली ती किमतीची. दुसरी, ८०जीची पावती मिळेल का याची. वस्तू दिली तर करसवलत बसत नाही, पैसे दिले तर बसते, असं कळल्यावर मी लगेच पैशांकडे वळलो. तिसरी चौकशी सांगायला जड जाते. खुर्चीच्या पाठीवर नाव घालून मिळतं का? मिळतं म्हणाले. ‘कै.’ लावून वडिलांचं नाव, खाली ‘यांच्या स्मरणार्थ’, आणि त्याच्याही खाली, अंमळ बारीक अक्षरांत, माझं. वडिलांनी कुणाला काय दिलं हे आईलासुद्धा कळत नसे. त्यांच्या नावानं मी जे करत होतो ते त्यांना आवडलं असतं का, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. पडू दिला नाही, हे जास्त खरं.

ओळखीच्या एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत. त्यांना मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. कौतुक व्हावं अशी अपेक्षा होती, ते का लपवा? त्या म्हणाल्या, “छान. कुणासाठी?”

“कुणासाठी म्हणजे? एखाद्या गरजूसाठी.”

“हो, पण गरजूचं माप काय?”

मला वाटलं, बाई उगाच फाटे फोडताहेत. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा. “तुम्हाला चष्मा आहे,” त्या म्हणाल्या, “उद्या कुणी गरजू म्हणून शेजाऱ्यांचा चष्मा आणून दिला तर घालाल का?”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पन्नाशी उलटेपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. कमरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर, ही मापं घेतल्याशिवाय खुर्ची ठरवायची नसते. बैठक रुंद झाली की माणूस एका अंगाला कलतो, आणि वर्षानुवर्षं कलून बसला की पाठीचा कणाही तसाच वाकतो. लहान मुलाला मोठ्यांच्या खुर्चीत बसवलं तर त्याचे हात चाकापर्यंत पोचतच नाहीत. ते कायम दुसऱ्यानं ढकलण्याची वाट पाहत बसतं. आणि ज्याच्या मज्जारज्जूला इजा झाली आहे त्याची गोष्ट आणखी वेगळी. आपण सिनेमाला तीन तास बसलो तरी नकळत कितीदा तरी चुळबुळ करतो. त्याला कमरेखाली काही जाणवतच नाही, त्यामुळे टोचतंय, रुततंय हे कळत नाही. नुसत्या ताणलेल्या रेग्झिनवर तासन्‌तास बसून कातडी फाटते, जखम हाडापर्यंत जाते, जंतुसंसर्ग होतो, माणूस त्यात दगावतोही. त्यासाठी वेगळी गादी लागते. दर थोड्या वेळानं हातांवर जोर देऊन अंग उचलायला शिकवावं लागतं.

मी विचारलं, “मग माझ्या त्या किमतीत गादी येते का?” नाही. गादी वेगळी. माझ्या मनात आलं, म्हणजे आता आणखी पैसे. हे मनात यायला एक क्षणही लागला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, खास कमी साधनांच्या देशांसाठी. त्यात व्हीलचेअर देण्याच्या आठ पायऱ्या आहेत. माणसाची नोंद, तपासणी, कोणती खुर्ची हे ठरवणं, पैशांची सोय आणि मागणी, खुर्ची तयार करणं, बसवून पाहणं, वापरायला शिकवणं आणि शेवटी दुरुस्ती, पाठपुरावा. मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या. माझं दान चौथ्या पायरीवर सुरू झालं होतं आणि तिथंच संपलं होतं. उरलेल्या सात पायऱ्या कुणी चढायच्या, याचा मी विचारही केला नव्हता. की केला होता आणि ‘संस्था बघेल’ म्हणून मिटवला होता?

या विषयात पडल्यावर दोन अमेरिकन इंजिनिअर माझ्या मनात घर करून बसले. डॉन शोएनडॉर्फर हे पहिले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते मोरोक्कोत फिरायला गेले असताना त्यांनी एका बाईला हातांच्या जोरावर अंग ओढत मातीचा रस्ता ओलांडताना पाहिलं. ते दृश्य त्यांना वीस-बावीस वर्षं सुटलं नाही. शेवटी त्यांनी अंगणात टाकतात ती पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, लोखंडी सांगाड्यावर बसवली, तिला सायकलची चाकं लावली. २००१ मध्ये ‘फ्री व्हीलचेअर मिशन’ ही संस्था काढली. सुरुवातीच्या खुर्च्या भारतात आल्या. आजवर त्यांनी दहा लाखांहून जास्त खुर्च्या जगभर वाटल्या आहेत.

दुसरे राल्फ हॉचकिस. १९६६ मध्ये मोटारसायकलचा अपघात होऊन कमरेखालचं अंग गेलं, तेव्हापासून ते स्वतः व्हीलचेअरवर. १९८० मध्ये ते निकाराग्वात गेले तर तिथं काही तरुण एकच खुर्ची आपसांत वाटून वापरत होते आणि तिची दुरुस्ती, सुधारणा स्वतःच करत होते. हॉचकिस त्यांच्याकडून शिकले. पुढं त्यांच्या ‘व्हर्लविंड’ या संस्थेनं जी खुर्ची घडवली तिची पुढची चाकं रुंद आहेत, म्हणजे चिखलात, वाळूत रुतत नाहीत, सांगाडा लांब आहे, म्हणजे खड्ड्यात तोंडघशी पडत नाही, टायर-ट्यूब सायकलची आहे, म्हणजे गावातला सायकलवालाही दुरुस्त करू शकतो. खुर्ची त्या त्या देशातच बनावी, शक्यतो तिच्यावर बसणाऱ्यांच्या हातून, हा त्यांचा आग्रह.

कोण बरोबर? माझं मन लगेच पहिल्यांकडे धावलं, आणि का धावलं हे तपासलं तर उत्तर काही फार उदात्त निघेना. कमी पैशांत जास्त खुर्च्या. माझ्या रकमेत एकाऐवजी किती माणसं ‘होतील’, याचा हिशेब मी चक्क मोबाइलवर केला. पण म्हणून त्यांना मोडीत काढणं हाही अन्यायच. जमिनीवरून सरपटणाऱ्याला ‘थांब, तुझ्या मापाची येईपर्यंत सरपट’ असं सांगायचा अधिकार मला कुणी दिला? शिवाय त्या संस्थेनं पुढच्या खुर्च्यांत वेगवेगळी मापं आणली, त्या कमी-जास्त करता येतील अशा केल्या. एक माणूस बाहेरून पाहून हलला, दुसरा आतून जाणत होता. मला नुसतं हलायला आवडतं. आतून जाणून घ्यायला वेळ लागतो, आणि मी घाईत असतो.

मी दिलेली खुर्ची एका शिबिरात वाटली गेली. मला आवर्जून बोलावलं होतं आणि मी इस्त्रीचा झब्बा घालून गेलो. प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला. ज्यांना साधनं मिळायची होती ती माणसं सकाळपासून मांडवात बसली होती. त्यातल्या अनेकांनी स्वच्छतागृहाला जावं लागू नये म्हणून पाणीही घेतलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. माझ्या वाट्याला आलेल्या बाई चाळिशीच्या असतील. त्यांना खुर्चीत बसवलं, मला मागं उभं केलं, फोटोवाला म्हणाला, “साहेब, दांडा धरा.” मी धरला. त्यांना विचारलं नाही. एवढ्यावर न थांबता, फोटो जरा जिवंत यावा म्हणून खुर्ची दोन पावलं पुढं ढकलली. बाईंचे दोन्ही हात झटकन चाकांवर गेले आणि त्यांनी ती थांबवली. काही बोलल्या नाहीत. फोटोत मी हसतो आहे.

तो फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. सत्तरेक अंगठे आले, हात जोडलेले आले, ‘दादा, तुमच्यासारखे तुम्हीच’ आलं. एकानंही बाईंचं नाव विचारलं नाही. मलाही ते ठाऊक नव्हतं.

एकदा खोदायला घेतलं की आणखी काय काय निघतं. जगात सुमारे ८ कोटी लोकांना व्हीलचेअरची गरज आहे आणि देशादेशाप्रमाणे त्यांतल्या ५ ते ३५ टक्क्यांनाच ती मिळते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा आकडा वाचून मला दुःख झालं का? खरं सांगायचं तर थोडं हायसं वाटलं. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे माझी एक खुर्ची म्हणजे काहीच नाही, आणि काहीच नाही म्हटलं की तिचं पुढं काय झालं हेही विचारायला नको. शिवाय, प्रायोजक व्हा म्हणून जी पत्रकं येतात त्यांतली मुलांची चित्रं माझा हात पटकन खिशाकडे नेतात. अर्धांगवायू झालेला, दाढी वाढलेला, चिडका म्हातारा नेत नाही. गरज दोघांची सारखी असली तरी. किंबहुना खुर्ची लागणाऱ्यांत म्हातारी माणसं पुष्कळ. पण चिडका म्हातारा आभार मानेल याची खात्री नसते ना!

नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन माझ्या कपाटात वर्षानुवर्षं आहे. परवा काढून पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं तिथं तिथं मी पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. तरुणपणी चालणं गेलेल्या या बाईंनी नोकरी केली, १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, शेकडो मुलांच्या शिक्षणाची, वसतिगृहाची सोय केली. म्हणजे हयातभर त्या देणाऱ्याच्या बाजूला बसल्या आहेत. त्या पानांवर माझी एकही रेघ नव्हती. खुर्चीत बसलेलं माणूस म्हणजे घेणारं, अशी माझ्या डोक्यात वाटणी झालेली होती, आणि पुस्तक वाचूनही ती हलली नव्हती.

आता जे सगळ्यात अवघड आहे ते. आमच्या इमारतीला दारात तीन पायऱ्या आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना पक्षाघात झाला, त्यांच्या मुलानं सोसायटीच्या सभेत उताराचा विषय काढला. लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत जायला त्या तीन पायऱ्या. उतार नीट व्हायचा, म्हणजे एक फूट चढायला निदान बारा फूट लांबीचा, तर त्यात एका गाडीची जागा जाते. ती गाडी माझी. मी सभेत विरोध केला नाही. मी एवढंच म्हणालो की तांत्रिक बाजू तपासून घ्यावी. अशा वाक्यांनी सोसायट्यांत विषय कसे मरतात हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, मलाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मी वाचलेला आहे, त्यावर मी गप्पाही मारतो. काकूंना दवाखान्यात न्यायचं असतं तेव्हा मुलगा आणि वॉचमन त्यांना खुर्चीसकट उचलतात. मी समोर असलो तर हातही लावतो.

लांबच्या माणसाला खुर्ची देताना माझं काय गेलं? काही हजार रुपये, त्यातलेही थोडे करात परत आले. जवळच्या माणसाला तीन पायऱ्या काढून द्यायच्या तर सावलीतली जागा जाते. मग लांबचं दान खोटं का? तसंही मला म्हणवत नाही. त्या बाई कदाचित आज त्याच खुर्चीवर बसून बाजारात जात असतील, आणि त्यांना माझ्या हेतूंशी काय देणंघेणं? हेतू शुद्ध होईपर्यंत थांबायचं ठरवलं तर मी कधीच काही देणार नाही. ती एक फार सोयीची पळवाट होईल. पण हेतूतला कचरा खुर्चीत उतरतो, हेही दिसलं. नावाची हौस होती म्हणून पैसे खुर्चीच्या पाठीकडे गेले आणि बैठकीची गादी राहिली. फोटो हवा होता म्हणून शिबिर आवडलं. तपासणीच्या खोलीत, माप घेणाऱ्याच्या पगारात, फुटलेल्या ट्यूबमध्ये आणि झिजलेल्या बेअरिंगमध्ये फोटो काढण्यासारखं काही नसतं.

यंदा मी फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारून, आधी वाटलेल्या खुर्च्यांच्या गाद्या आणि दुरुस्ती यासाठी पैसे दिले. पावती घेतली; तेवढा मोह सुटलेला नाही. नाव कुठं घालायचं हा प्रश्नच आला नाही, कारण गादी खाली असते.

तुम्ही कुणाला खुर्ची देणार असाल तर एवढं विचारा: माप कोण घेणार, गादी आहे का, आणि वर्षभरानं चाक निखळलं तर त्या माणसानं फोन कुणाला करायचा. उत्तर मिळालं नाही तर दुसरी संस्था शोधा.

उताराचा विषय मी सोसायटीला लेखी दिला आहे, माझी पार्किंगची जागा सोडायला तयार असल्याचं खाली लिहून. ते वाक्य लिहायला मला दोन आठवडे लागले. सेक्रेटरींनी विषयपत्रिका काल फलकावर लावली. विषय ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये टाकला आहे.