नजराणा आणि वचन

दुसऱ्याचे भय आपल्या शिरावर घेऊन त्याबद्दल मोल घेणे हे न्याय्य अर्जन होय किंवा कसे, या प्रश्नाचा विचार शेअरबाजारातील एका व्यवहाराच्या निमित्ताने करावा, असे आम्हांस वाटते. या व्यवहारास ‘पुट ऑप्शन’ विकणे म्हणतात. ठरल्या मुदतीत समोरच्याने मागणी करताच त्याचे शेअर ठरल्या भावाने घेऊ, मग बाजारभाव कितीही कोसळलेला असो, असे वचन विकणारा देतो व त्याबद्दल आरंभीच रोख रक्कम घेतो. मुंबईच्या जुन्या कापूसबाजारात अशा रकमेस नजराणा म्हणत. शेअरांवरील असे सौदे १९५६ च्या कायद्याने आपल्या देशात निषिद्ध ठरले. १९९५ साली ती बंदी उठली व २००१ पासून ते राजरोस चालू झाले.

पुरस्कर्ते म्हणतात, जो शेअर आपणांस घ्यावयाचाच आहे त्याचेच वचन विकावे. भाव न पडला तर नजराणा पदरात पडतो. पडला तर शेअर स्वस्तात मिळतो. दोन्ही पक्षी लाभच! युक्तिवाद मोहक खरा. परंतु ज्या कारणाने भाव पडतो, त्याच कारणाने तो शेअर घेण्याची इच्छाही पुष्कळदा विरून जाते, ही गोष्ट त्यात गाळलेली आहे. शिवाय नफ्यास नजराण्याची मर्यादा, तोट्यास मात्र शेअर शून्यावर येईपर्यंत मर्यादा नाही.

१९९३ साली अमेरिकेत वॉरन बफे यांनी कोकाकोलाच्या ५० लक्ष शेअरांबाबत, शेअरास सुमारे ३५ डॉलर भावाने, असे वचन दिले व शेअरामागे दीड डॉलर, म्हणजे ७५ लक्ष डॉलर नजराणा घेतला. भाव तितका उतरला नाही. उतरता तर शेअर घेण्यास द्रव्य व इच्छा दोन्ही सिद्ध होती. उलट व्हिक्टर नीडरहॉफर यांनी निर्देशांकावरील पुट विकले होते. २७ ऑक्टोबर १९९७ रोजी डाऊ जोन्सचा अंक ५५४ अंशांनी कोसळला आणि त्यांचा निधी बुडाला. दुसऱ्याच दिवशी बाजार सावरला. परंतु त्यांच्यापाशी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकण्याचे बळ उरले नव्हते.

कृत्य एकाच जातीचे. मग भेद कशात? या व्यवहारास सरसकट जुगार म्हणणे आम्हांस मान्य नाही. विमा उतरविणाराही दुसऱ्याचे भय विकतच घेतो, आणि भयग्रस्तास स्वस्थ झोप मिळते हा उपकार खोटा नव्हे. परंतु आगीनंतर भरपाई देण्याची ज्याची ऐपत नाही, त्याने विम्याचा हप्ता घेणे हा अप्रामाणिकपणाच होय. म्हणून मुदत संपेपर्यंत नजराण्यास उत्पन्न म्हणणेच चूक. तोवर ती परक्याची ठेव आहे. जो तिला मासिक प्राप्ती समजून घरखर्च चालवितो, तो न फेडलेल्या ऋणावर जेवतो.

वचन विकण्यात पाप नाही. ते पाळण्याची तयारी नसता विकण्यात आहे. विकणाऱ्याने नजराणा मोजण्यापूर्वी ते वचन पाळण्यास लागणारी सारी रक्कम मोजून बाजूस ठेवावी, आणि ती देताना आपणांस पश्चात्ताप होईल की काय हे स्वतःस विचारावे. उत्तर ‘होईल’ असे आल्यास हात आखडता घेणे हेच नीतीचे व हिशेबाचेही सांगणे आहे.