वरवंटा किती दूध प्यायला?

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपंधरवडा चालू होता. दिल्लीतल्या एका देवळात पहाटे गणपती दूध प्यायला, अशी वार्ता उठली आणि फोनाफोनी होऊन दुपारच्या आत देशभर पोचली. परदेशांतल्या मंदिरांतही रांगा लागल्या. सांगलीतल्या एका जुन्या वाड्यात ती शेजारच्या काकूंनी आणली.

"अहो आजी, चमचा सोंडेला लावला नि सुर्रकन रिकामा! या डोळ्यांनी पाहिलं."

आजींचा नातू बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. देवाधर्मावर त्याचा विश्वास नव्हता. काकू गेल्यावर तो हसून म्हणाला, "पृष्ठताण आहे नुसता. लोक वेडे झालेत."

"तू लावून बघितलास चमचा?" आजींनी विचारलं.

"त्यात काय बघायचंय? पुस्तकात आहे."

"मग काकू तुझ्यापेक्षा बऱ्या. त्यांनी चमचा तरी लावला."

हे नातवाला झोंबलं. त्यानं देवघरातली संगमरवरी मूर्ती कोरडी पुसली आणि ताम्हणात ठेवली. आजींनी वाटी काठोकाठ भरली. पहिला चमचा सोंडेशी नेऊन जरासा कलता केला. काठावर दूध फुगून आलं, दगडाला टेकलं आणि बघता बघता चमचा रिता झाला. आजींनी हात जोडले. नातूही चपापला. परीक्षेत चार ओळींत लिहिलेलं उत्तर डोळ्यांपुढे असं घडेल, याची त्याला कल्पना नव्हती.

"आता दुधात हळद घालू," तो म्हणाला.

पुढच्या चमच्याला सोंडेवरून पिवळा ओघळ निघाला आणि पोटावरून, पायांवरून ताम्हणात उतरला. मघाशीही दूध असंच उतरलं होतं. पांढऱ्या दगडावर पांढऱ्या दुधाचा पातळ पापुद्रा, तो दिसणार कसा? द्रवाचा पृष्ठभाग ताणलेला असतो, म्हणून दूध काठावर फुगतं. दगडाला टेकलं की त्याला चिकटतं, ओढलं जातं आणि मग स्वतःच्या वजनानं खाली वाहतं.

वाटी संपल्यावर नातवानं ताम्हणातलं दूध परत वाटीत ओतलं. "बघ, सगळं आलं."

"सगळं कुठं? काठापासून बोटभर खाली आहे. तेवढं कुठं गेलं?"

"मूर्तीला लागलं असेल, ताम्हणाला लागलं असेल."

"'असेल' नको. दाखव."

नातू विचारात पडला. मग स्वयंपाकघरात जाऊन वरवंटा घेऊन आला. बारशाला ज्याचा गोप्या करतात, तोच वरवंटा ताम्हणात उभा राहिला. पुन्हा काठोकाठ वाटी, पुन्हा चमचा. वरवंट्यानंही चमचे रिकामे केले. ताम्हणातलं दूध वाटीत ओतलं, तर तेही काठाखाली बोटभरच.

"वरवंटा जेवढं प्यायला, तेवढंच गणपती प्यायला," आजी म्हणाल्या आणि मूर्ती धुवायला घेतली.

दिल्लीत केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाच्या शास्त्रज्ञांनीही दुधात रंग मिसळून हेच दाखवलं होतं. ती बातमी ऐकून नातवाला स्फुरण चढलं. "बघ आजी! म्हणजे देव नाहीच."

"हे कुठल्या वाटीनं मोजलंस?"

"मग आहे, हे तरी तू कुठं मोजलंस?"

"नाही मोजलं," आजी शांतपणे म्हणाल्या. "म्हणूनच तुला आरतीला उभा राहा असा आग्रह मी कधी केला नाही. माझी श्रद्धा माझ्यापाशी. पण 'गणपती दूध प्यायला' असं मी चारचौघांत म्हटलं, तर ते दाखवायची जबाबदारी माझ्यावर आली. तुझंही तसंच. दूध तो प्यायला नाही, हे तू दाखवलंस. तेवढं तुझं कबूल. त्यापुढचं तू अजून नुसतं म्हणतोयस."

नातवाला उत्तर सुचलं नाही. देव मानायला तो त्या दिवशीही तयार झाला नाही आणि आजींनीही पूजा सोडली नाही.

तेवढ्यात काकू दारात आल्या. "काय आजी, तुमच्या गणपतीनं घेतलं का?"

"नाही हो, ताम्हणात आलं. तुम्हीही हळद घालून बघा."

"छे! देवाची परीक्षा घ्यायची का?"

"देवाची कशाला? चमच्याची घ्या."

तात्पर्य : श्रद्धा मनात ठेवायला पुरावा लागत नाही, पण अमुक घडलं असं दुसऱ्याला सांगायचं, तर तो लागतोच. आणि भक्त असो वा संशयी, पुरावा जिथं संपतो, तिथं आपलं ठाम बोलणंही थांबवावं.