किळस

निवृत्त झालो त्या दिवशी निरोपाच्या छोट्या समारंभात एक प्रतिष्ठित गृहस्थ माझ्याविषयी चार शब्द बोलले. मी ईश्वराची सेवा केली, असे ते म्हणाले. असले काम आमच्याने एक दिवसही झाले नसते, असेही म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असावा. खरे पाहता ती लाज होती. तिचे कारण सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

मी वॉर्डबॉय होतो. साठाव्या वर्षी निवृत्त होतानाही 'बॉय'च होतो. नोकरीची सारी वर्षे रोहे आणि पेण या दोन गावांत गेली. आधी कुंडलिकेच्या काठी, मग भोगावतीच्या. स्ट्रेचर ढकलणे, मलमूत्राची भांडी देणे नि धुणे, ज्यांना उठवत नाही त्यांचे अंग पुसणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलणे, आणि मेलेल्याला चादरीत गुंडाळून खाली नेणे, हे माझे काम.

पहिल्या दिवशी भांडे उचलले आणि संडासात जाऊन मी स्वतःच ओकलो. एक वयस्क आयामावशी दारात उभी होती. ती म्हणाली, "तोंडाने श्वास घे आणि हात चालू ठेव. जाईल आपोआप." आणि किळस खरोखरच आपोआप गेली. तिसऱ्या महिन्यात मी भांडे धुऊन, हात धुऊन, त्याच हाताने भाकरी खाऊ लागलो. त्यासाठी ना मी प्रार्थना केली, ना काही निश्चय. उन्हाने कातडी रापावी तसे मन रापले. आता सांगा, यात पुण्य ते कोणते?

विनोबा आमच्याच तालुक्यातले. 1895 साली ते पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मले. 1946 सालापासून सुमारे दोन वर्षे पवनारहून सुरगावला चालत जाऊन ते रोज मैला साफ करीत. तसे करण्याची त्यांच्यावर कोणी सक्ती केली नव्हती. त्यांनी ते काम निवडले होते. आम्ही निवडले नव्हते. आमच्यातल्या कित्येकांच्या बापजाद्यांवर तर ते जन्मानेच लादलेले होते, आणि आमच्या सेवेचे गोडवे गाणारे आमच्या पंगतीला बसताना मात्र जरा अंतर ठेवीत. तेव्हा विनोबांचे आणि आमचे काम दिसायला एक असले, तरी एक नव्हे.

मग पगारासाठी केलेली सेवा ती सेवाच नव्हे काय? यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, पगारात एक गुण आहे, तो सहसा कोणी ध्यानात घेत नाही. मुलगा बापाचे अंग पुसतो तेव्हा बाप संकोचतो. आपण पोरावर भार झालो, असे त्याला वाटते. मला मात्र तो रात्री दोन वाजता हक्काने हाक मारू शकतो, "मामा, भांडं दे." तो माझा काही लागत नाही, आणि काही देणेही लागत नाही. पगारामुळे रोगी उपकारातून सुटतो. म्हणूनच नातेवाइकांकडून चहापाण्याचे दहा-वीस रुपये घेणे वाईट. मी घेतलेले आहेत, खोटे कशाला बोलू? ते पैसे घेताना मी त्या रोग्याचा हक्कच त्याला परत विकत होतो.

पण माझी लाज त्या पैशांची नव्हे.

एका पावसाळ्यात अर्धांगाचा एक म्हातारा वॉर्डात आला. जन्मभर गणपती करणारा मूर्तिकार. उजवा हात गेलेला. वाचा जराशी अडखळत होती, समज शाबूत होती. एका रात्री त्याचे अंथरूण खराब झाले. मी आणि माझा सोबती आलो, त्याला एका कुशीवर केले, पुसले, चादर बदलली. पडदा ओढला नव्हता. हात सफाईने चालले होते आणि त्याच्या अंगावरून आमचे बोलणे चालले होते, फंडातून काढायच्या कर्जाविषयी. म्हातारा हळूच म्हणाला, "अरे, माझ्याकडे बघ तरी एकदा."

मी "हो, हो" म्हणालो आणि दुसऱ्या खाटेकडे गेलो. सकाळी पाळी संपवून घरी आलो. दुसऱ्या रात्री कामावर गेलो तेव्हा ती खाट रिकामी होती. त्याला ॲम्ब्युलन्सने अलिबागला हलवले होते. पुढे त्याचे काय झाले, मला कळले नाही.

त्यानंतर मी त्या पहिल्या दिवसाचा विचार करू लागलो. ज्या काळी मला किळस येई, त्या काळी ती रोग्याला दिसू नये म्हणून मी धडपडत असे. त्याला वाईट वाटेल, ही जाणीव मला असे. म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाही, काहीतरी बोले, हसे. किळस गेली आणि लपवायचे काही उरले नाही. आणि लपवायचे उरले नाही तसे पाहायचेही राहून गेले. सवयीने घाण नाहीशी केली, आणि घाणीबरोबर माणूसही. लोक ज्याला माझा मोठेपणा म्हणत होते, तो असा होता.

याचा अर्थ किळस चांगली, असा नव्हे. किळस करणाऱ्याच्या हाती कोणी आपला बाप देऊ नये. पण ती गेली म्हणजे करुणा आली, हे समीकरण खोटे आहे. किळस आपोआप जाते. करुणा आपोआप येत नाही. तिला दर खाटेपाशी नव्याने बोलवावे लागते.

कोणी म्हणेल, रात्री एकट्या माणसाने तीस-चाळीस खाटा सांभाळायच्या, त्यात ही करुणा बसवायची कुठे? म्हणणे खरे आहे. आज पुष्कळ ठिकाणी हे काम कंत्राटावरची पोरे करतात; उद्याची शाश्वती त्यांना नाही. हात वाढवायचे नाहीत, पगार वेळेवर द्यायचा नाही, आणि वर सेवाभावाची अपेक्षा धरायची, ही लबाडी आहे. परंतु त्या रात्री माझी नोकरी कायम होती, सोबतीला दुसरा माणूस होता, आणि म्हाताऱ्याकडे पाहायला एक क्षण पुरला असता. त्या क्षणाचा हिशेब मला सरकारवर टाकता येत नाही.

पेणच्या कारखान्यांत मी मूर्तीचे डोळे आखताना पाहिले आहेत. रंगकाम सारे झाल्यावर शेवटी ते करतात, आणि आखणारा त्या वेळी कोणाशी बोलत नाही. त्या म्हाताऱ्याने जन्मात अशा किती आखण्या केल्या असतील!

त्यानंतर नोकरीची जी वर्षे उरली, त्यांत मी अंगाला हात लावण्याआधी पडदा ओढू लागलो आणि "आजोबा, कूस बदलतो हं" असे सांगू लागलो. दर वेळी जमले, असे म्हणणार नाही. आता माझीही पाठ धरते; एखाद दिवशी माझ्याही खाटेपाशी कोणी पोरगा भांडे घेऊन उभा राहील. त्याने नाक मुरडले तरी मी समजून घेईन. त्याने माझ्याकडे पाहावे, एवढेच मागणे आहे. आणि ते मागायचा हक्क मला कितपत आहे, हेही मी जाणून आहे.