कठीण, पण शक्य



2021 च्या एप्रिलमध्ये नागपुरात आपण ऑक्सिजनसाठी वणवण केली. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. कुणी माणूस गमावला, कुणी संसार. नववर्षाचे संकल्प आपण करतो ते हे सारे सोसून.

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात आशेच्या चार खुणा सांगितल्या: आपण जे इच्छितो ते चांगले असावे, पुढे मिळायचे असावे, कठीण असावे आणि तरीही शक्य असावे. सोप्या गोष्टीला आशा लागत नाही. अशक्य गोष्टीची आशा धरता येत नाही. ‘यंदा दुःख नको’ हे आपल्या हाती नाही. पण थकलेले कर्ज थोडे थोडे फेडणे, अबोला धरलेल्या भावाच्या दारी जाणे, एकट्या पडलेल्या शेजारणीची दर रविवारी विचारपूस करणे कठीण असले तरी देवाच्या कृपेने शक्य आहे.

1 जानेवारीला आपण देवमाता मरियेचा सण साजरा करतो. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात ती घडलेले सर्व अंतःकरणात जपून त्याचे मनन करते. आपणही सोसलेले विसरू नये. ते वेदीपुढे ठेवू या आणि या वर्षासाठी असा एकच संकल्प करू या.

प्रभू आपणां सर्वांना बळ देवो.