त्वचेचे पचन आणि उपवासाची मर्यादा

एखादा पदार्थ शरीरात ‘गेला’ असे नेमके केव्हा म्हणावे, हा प्रश्न वरकरणी वैद्यकाचा वाटला तरी व्रत, पथ्य आणि शुद्धी यांचा गांभीर्याने विचार करणाऱ्या परंपरांना तो टाळता आलेला नाही. कारण तोंडाने घेतलेला घास आणि अंगाला चोळलेले तेल यांत फरक कोणता, हे ठरल्यावाचून उपवासाची मर्यादाच आखता येत नाही.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, 21व्या अध्यायात, पित्ताचे पाच प्रकार सांगताना त्वचेतील पित्ताला भ्राजक अग्नी असे नाव दिलेले आहे. अभ्यंग म्हणजे तेलाचे मर्दन, परिषेक म्हणजे अंगावर धरलेली औषधी द्रवाची धार, अवगाह म्हणजे औषधी काढ्यात बसणे आणि लेप, या मार्गांनी आलेली द्रव्ये पचवणे आणि अंगाची कांती प्रकट करणे ही त्याची कामे होत. जठराग्नीहून वेगळा असा एक अग्नी त्वचेतही मानण्यात मोठे वैचारिक धाडस आहे, कारण या कल्पनेत त्वचा निव्वळ आवरण न राहता बाहेरून आलेल्याचे काहीतरी करणारे, म्हणजे कार्य करणारे, अंग ठरते. मात्र सुश्रुताला आजचे जीवरसायन ठाऊक होते असा दावा करणे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे; त्याने लेपाचा परिणाम पाहून अग्नीचे अनुमान केले, आणि त्या अनुमानाचे मोल तेवढ्यानेच पुरेसे सिद्ध होते.

आधुनिक औषधशास्त्राचे म्हणणे या अनुमानाच्या पुष्कळ जवळ येते. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर, ज्याला शृंगस्तर म्हणतात, मृत पेशींचा असून बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या हिश्श्याइतकाच जाड असतो, आणि औषधाची खरी अडवणूक तिथेच होते. पण तो ओलांडून आत आलेल्या द्रव्याला खालच्या जिवंत पेशींतील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, जसेच्या तसे राहू देतातच असे नाही. मुरुमांवर लावलेले बेन्झॉइल पेरॉक्साइड त्वचेतच बेन्झॉइक आम्लात बदलते. केस उगवण्यासाठी डोक्याला लावलेले मिनॉक्सिडिल केसांच्या मुळाशी असलेल्या विकराने सल्फेटचा गट जोडल्यानंतरच प्रभावी होते, त्यामुळे ज्यांच्यात हे विकर मंद असते त्यांना तेच औषध फारसे लागू पडत नाही. महाराष्ट्रात खेडोपाडी ठाऊक असलेला बिब्बा याचीच दुसरी बाजू दाखवतो: त्याच्या काळ्या तेलातील कॅटेकॉल वर्गातील द्रव्यांचे त्वचेत ऑक्सिडीभवन होऊन क्विनोन बनतात, ती त्वचेच्या प्रथिनांना घट्ट चिकटतात, आणि बदललेल्या त्या प्रथिनांना परके समजून शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावर तुटून पडते, बिब्बा उततो तो असा. म्हणजे विष केवळ वस्तूत नसते आणि केवळ देहातही नसते, ते दोघांच्या व्यवहारातून उपजते.

त्वचा पचवते हे मान्य केले, तर ती खाते असेही मानावे काय? इस्लामी आचारशास्त्रात, म्हणजे फिक्हमध्ये, याचा काटेकोर विचार झालेला आहे. हनफी परंपरेनुसार नैसर्गिक वाटेने आत गेलेला पदार्थ रोजा मोडतो, रंध्रांतून झिरपलेले तेल किंवा अंघोळीचे पाणी मोडत नाही. 1997 साली जेद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने मलमे आणि औषधी चिकटपट्ट्या यांनाही हाच न्याय लावला, आणि तोही ही द्रव्ये त्वचेतून शोषली जातात हे स्पष्टपणे लक्षात घेऊन. छातीतल्या कळेसाठी नायट्रोग्लिसरिनची पट्टी लावणाऱ्या रुग्णाच्या रक्तात औषध उतरते, त्याचा काही अंश वाटेत त्वचेतच विघटित होतो, तरी त्याचा रोजा शाबूत राहतो. हा निर्णय योग्य वाटतो, कारण उपवास हा रसायनाचा हिशेब नसून वासनेचा संयम आहे, आणि त्वचेला चवही नाही, भूकही नाही.

यावर असा आक्षेप येईल की जठरातील पचनही इच्छेवाचूनच चालते. इच्छेच्या हाती असते ते गिळणे, आणि पट्टी चिकटवणे हेही तितकेच जाणूनबुजून केलेले कर्म आहे. आक्षेप खरा आहे, आणि निकोटिनच्या पट्टीच्या बाबतीत तर तो फारच बोचतो. धूम्रपानाने रोजा मोडतो असे बहुसंख्य फकीह, म्हणजे या शास्त्राचे जाणकार, मानतात, पण पट्टीतून तेच निकोटिन त्वचेवाटे रक्तात जाते आणि तीच तलफ शमवते, म्हणून वासना ही कसोटी धरली तर पट्टी निर्दोष ठरवणे अवघड होते आणि मार्ग ही कसोटी धरली तर ती सहज सुटते. व्यसन सोडण्यासाठी पट्टी लावणारा मनुष्य मात्र वासनेपुढे मान तुकवत नसतो, तो तिच्याशी झगडत असतो, आणि त्याचा हेतू मोजायला यांपैकी कोणतीही कसोटी एकटी पुरत नाही.