चव घ्यावी की सोडावी?

वाचकहो, गळ्यात माळ असलेल्या माणसाने भाकरीची चव घ्यावी का? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण आपण वारीला जाता, तेव्हा तो दर मुक्कामाला आपल्या पानात वाढलेला असतो.

माउलींची पालखी आळंदीहून निघते, तुकोबारायांची देहूहून. पुण्याच्या मुक्कामानंतर एक दिवेघाट चढून सासवडला जाते, दुसरी लोणी काळभोरवरून यवतला. यवतचे पिठले-भाकरीचे जेवण वारकऱ्यांत किती प्रसिद्ध आहे, हे आपणांस सांगायला नको. तिथे गावातल्या घराघरांतून भाकरी येते आणि मोठमोठ्या कढयांत पिठले रटरटते. पुढे सोलापूरच्या हद्दीत शिरलो की पानातले जग बदलते. ज्वारीची भाकरी पातळ होते, शेंगदाण्याची चटणी येते, आणि महिनाभर टिकणारी कडक भाकरी हातात पडते. ही ज्वारी काळ्या जमिनीत, रब्बीला, मुरलेल्या ओलीवर वाढते. पंढरपूरजवळच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे आपण चालतो ती वाट केवळ गावांची नाही, चवींचीही आहे.

आता पूर्वपक्ष ऐका. काही साधक म्हणतात, जीभ जिंकल्याशिवाय साधन नाही. म्हणून पानात येईल ते सारे एकत्र कालवावे, वर पाणी ओतावे आणि गिळावे. ही निष्ठा खोटी नव्हे. आपल्या घरी, आपल्या हाताने शिजवलेल्या अन्नावर हा प्रयोग कोणी खुशाल करावा. पण पहाटे तीनला उठून जिने मिरची-लसूण कुटला, तिच्यासमोर तिच्या पिठल्यात पाणी ओतायचे? तिने भक्तीने आणलेली चव पुसून टाकल्याने आपला कोणता विकार गेला? मला तरी त्यात वैराग्यापेक्षा मीपणाच जास्त दिसतो.

संतचरित्रांकडे पाहा. नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. कशासाठी? पोट तर कोरड्या भाकरीनेही भरले असते. देवाने ती कोरडी खाऊ नये, एवढीच त्यांची तळमळ होती! एकनाथ महाराजांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला, त्याचा वास रस्त्यावर गेला आणि गावाने दूर ठेवलेल्या माणसांच्या तोंडाला पाणी सुटले. नाथांनी त्यांना इंद्रियनिग्रहाचा उपदेश केला नाही. पितरांसाठी केलेले अन्न त्यांनाच आधी जेवू घातले. पैठणात त्यावरून केवढा गहजब झाला, ते आपण जाणताच. या कथांत चव हे पाप नाही. दुसऱ्याच्या जिभेची काळजी वाहणे, हे तर त्यांत चक्क भजन झाले आहे.

मग दोष कुठे शिरतो? माझ्या मते, ‘कालचे पिठले याहून बरे होते’ या वाक्यात. ते तोंडातून निघाले की अन्नदाता वाढपी होतो आणि वारकरी गिऱ्हाईक. हल्ली एक दिवस वारीला येऊन, कुठल्या गावात काय चांगले मिळते याची नोंद मोबाइलमध्ये करणारी तरुण मंडळी दिसतात. त्यांच्यावर रागावू नये. खाण्याच्या निमित्ताने का होईना, ती वाटेवर आली, उद्या चालतीलही. पण जुने, पंधरा-वीस वाऱ्या झालेले लोकही ‘अमुक फडाकडे शिरा तुपाचा असतो’ म्हणून पंगत शोधत फिरतात, त्याचे काय? आणि पानात तीन भाकऱ्या घेऊन दीड टाकणारे? पालखी पुढे गेल्यावर मुक्कामाच्या रानात एक फेरी मारून पाहा. चिखलात तुडवलेला भात आणि चहाचे कागदी पेले यांचा खच पडलेला असतो. ज्या मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे उघडली आणि जीव पणाला लावला, त्याच मुलखाच्या वेशीवर हे होते.

जाता जाता एकादशीचेही बोलू. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्यासाठी केली आहे. त्याआधीच्या कांदेनवमीला तर चातुर्मासात कांदा नको म्हणून आधीच भजी, थालीपीठ यांवर ताव मारला जातो. मला ही नवमी आवडते, लबाडी नसलेली आहे. सोडायचे ते प्रेमाने खाऊन, निरोप देऊन सोडायचे. त्यापेक्षा उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर बासुंदी, हे जिभेला अधिक फसवणारे.

तेव्हा चव घ्या, माउली. भाकरीचा पापुद्रा उचलून पाहा, पिठल्यात जिरे आहे की ओवा ते ओळखा, बाजरीची भाकरी संपून ज्वारीची कुठे सुरू झाली ते ध्यानात ठेवा. पुरेल तेवढीच मागा. अर्धी मागायला लाजू नका. आणि एक करा. चुलीपुढे बसलेली बाई सकाळपासून भाकरी थापत असते. पालखी गावात येते, टाळ-मृदंग दारावरून जातात, आणि तिचे हात पिठात असतात. तिला पादुकांचे दर्शन झाले का, ती स्वतः कधी जेवली, हे पंगतीत कोणी विचारत नाही. यंदा यवतला असाल, तर उठण्यापूर्वी तिला विचारा. आणि नाही म्हणाली, तर घटकाभर तिच्या चुलीशी बसा, ती दर्शन घेऊन येईपर्यंत.