शाल आणि वाकळ



दान कोणते खरे, या विषयावर मी 40 वर्षे कीर्तनातून बोललो. सत्पात्री दान, काळवेळ पाहून केलेले दान, गुप्तदान असे प्रकार सांगितले आणि श्रोत्यांनी माना डोलावल्या. पण आपल्याला नको झालेली, झिजलेली वस्तू दुसऱ्याला द्यावी की देऊ नये, एवढी साधी गोष्ट मला उशिरा कळली, आणि तीही घरातल्या वाकळेपाशी. तीच आज आपल्यापुढे मांडतो.

कीर्तनकाराच्या घरी दोन गोष्टींना तोटा नसतो, नारळ आणि शाली. नारळ खाऊन संपतात, शाली उरतात. सत्काराची शाल कशी असते हे आपण जाणता. खांद्यावर घातली की फोटोत शोभते, पण इतकी पातळ की थंडी तिला जुमानत नाही. आमच्या लोखंडी ट्रंकेत अशा साठ-सत्तर शाली साठल्या होत्या. दर कार्तिकीला मी त्यांतल्या पाच-दहा पिशवीत घालून नेई आणि चंद्रभागेच्या वाळवंटात उघड्यावर निजलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्यांच्या अंगावर घाली. वर हे कीर्तनात सांगतही असे.

एका कार्तिकीला पहाटे स्नानाला जाताना, रात्री जिच्या अंगावर शाल घातली होती ती आजी गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत बसलेली दिसली. शाल तिने घडी घालून पिशवीवर ठेवली होती. मी विचारले, "आजी, शाल पांघरली नाहीत का?"

ती म्हणाली, "पांघरली व्हती की. पर थंडीला तिचा उपेग न्हाई, बुवा. तुमी बी रातच्याला हीच घेता का?"

तिने टोमणा मारला नव्हता. खरेच विचारले होते. मला उत्तर देता आले नाही, कारण मी घोंगडीवर घरची वाकळ घेऊन गाढ झोपलो होतो.

घरी आल्यावर कुटुंबाला हे सांगितले. ती धान्य निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुम्ही ट्रंक रिकामी करत होता. त्याला दान कशाला म्हणायचं?"

कठोपनिषदाच्या आरंभी हीच गोष्ट आहे. नचिकेताच्या वडिलांनी सर्वस्व देण्याचा यज्ञ मांडला आणि दक्षिणेला गाई काढल्या त्या पाण्याला, गवताला आणि दुधाला संपलेल्या. ते पाहून लहानग्या पोराच्या मनात श्रद्धा जागी झाली आणि त्याने विचारले, "मला कोणाला देणार?" हे आख्यान मी किती गावांत लावले असेल त्याची मोजदाद नाही. त्या भाकड गाई माझ्याच ट्रंकेत बांधलेल्या आहेत हे मात्र कधी ध्यानात आले नाही.

आता येथे कोणी शंका घेईल की, मग जुने देऊच नये काय? ज्याच्या घरी नवे नाहीच, त्याने दान करायचे तरी कसे? आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तर भगवंतांनीच जीर्ण वस्त्र टाकून नवे घेण्याचा दृष्टांत दिला आहे. खरे आहे. पण तेथे जीर्ण वस्त्र टाकावे इतकेच म्हटले आहे, ते शेजाऱ्याच्या अंगावर टाकावे असे म्हटलेले नाही.

शंकेचे समाधान आमच्या ओसरीवर झाले. ट्रंकेत उरलेल्या शाली कुटुंबाने बाहेर काढल्या. आमच्या आळीतल्या शिंप्याकडच्या कातरणीतल्या चिंध्या ती फार वर्षांपासून आणत असे. ती पुठ्ठ्याचा वीतभर चौकोन त्यांवर ठेवून तुकडे कापते. सुती वेगळे, टेरिकॉटचे वेगळे. कोरे कापड आधी भिजवून वाळवायचे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि शेजारच्या जुन्या तुकड्याला ओढून फाडते. विरलेले कापड दोन बोटांत ताणून पाहायचे. धागा धरत नसेल तर ते पायपुसण्याकडे जाते. सगळेच वाचवता येत नाही हे तिला माहीत आहे. मग चौकोनांची पट्टी, पट्ट्यांचा वरचा पदर. आठ ओळी, ओळीत सात, असे 56 तुकडे. खाली जुने लुगडे आणि मध्ये धोतराचे थर. त्या वर्षापासून त्या थरांत माझ्या शाली गेल्या. सत्कार आत, शिंप्याच्या चिंध्या बाहेर. मग सगळे सारखे पसरून कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि गोल गोल फिरत मध्यावर यायचे. एका वाकळेला तिच्या दोन महिन्यांच्या दुपारी लागतात.

कर्नाटकात हल्याळच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका अशाच चिंध्यांची कवंदी शिवतात. तिच्या चारी कोपऱ्यांना त्रिकोणी तुकड्यांची फुले लावल्याशिवाय ती पुरी झाली असे त्या मानत नाहीत. फुलांवाचून कवंदी नागडी म्हणतात. चिंधीची असली तरी ती कोणाच्या तरी अंगावर जाणार, म्हणून हा मान.

वाकळ शिवून झाली की कुटुंबाचा एक नेम आहे. एक रात्र ती स्वतः पांघरते. ऊब लागली तरच वाकळ धुऊन कार्तिकीच्या गाठोड्यात जाते. नाहीतर टाके उसवून आणखी एक थर. वाळवंटातल्या आजीने मला जे विचारले, ते ही बाई आधीच स्वतःला विचारत होती.

तेव्हा फरक वस्तूत नाही. शालही उरलेली आणि चिंधीही उरलेलीच. शाल दिली तेव्हा माझे काहीच गेले नाही, उलट ट्रंकेत जागा झाली. वाकळ दिली तेव्हा तिच्या डोळ्यांची जोत, बोटांची कातडी आणि दोन महिने गेले. टाकणे आणि देणे यांत अंतर आहे ते टाक्यांचे.

दुसरी शंका अशी की, चिंध्या साठवणे हाही संग्रहच नव्हे काय? अपरिग्रहाचे काय? मीही तिला एकदा असेच ऐकवले होते. ती म्हणाली, "माझी चिंधी दिवाळी ओलांडत नाही. तुमची ट्रंक वीस वर्षं बंद होती." वस्तू घरातून पुढे जाण्यासाठी थांबली तर तो संग्रह नव्हे. ती आपल्यापाशीच अडली तर नवीकोरी असो की फाटकी, संग्रहच.

गाडगेबाबांकडे पाहा. अंगावर चिंध्या आणि पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी पक्क्या धर्मशाळा. उरलेसुरले स्वतःच्या अंगावर घेतले आणि भक्कम ते लोकांना दिले. मी नेमके उलटे करत होतो.

आणि जनाबाईची कथा तर आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. देव जनीकडे आले, पहाटे काकड्याची वेळ झाली तसे घाईने निघाले, आपला शेला आणि पदक तेथेच राहिले आणि जनीची वाकळ पांघरून राउळात उभे राहिले. पुढे जनीवर चोरीचा आळ आला. देव घाईत विसरले असे मी कीर्तनात सांगत असे आणि लोक हसत. आता वाटते, देव विसरले नसतील. राउळात शेल्यांना काय तोटा? पण जनीला ती एकच वाकळ, तिच्या रोजच्या पांघरण्याची. शेल्यात जी ऊब नव्हती ती देवाला तिच्यात लागली असेल.

आता कुटुंबाला सुईत दोरा ओवता येत नाही. दहा सुया ओवून ओळीने ठेवणे हे माझे सकाळचे काम. धावदोरा मात्र मला घालू देत नाही, वाकडा जातो म्हणते. यंदा दोनच वाकळा होतील. पहिली शिवून झाली तेव्हा ती म्हणाली, "आजची रात्र तुम्ही घ्या." मी घेतली. मध्यरात्री थोडी थंडी वाजली, ते सकाळी खरे खरे सांगितले. तिने काही न बोलता कात्री मागितली.

रामकृष्णहरी.